गारेची बंदूक

निवडणूक संपली की आमचा हंगाम सुरू होतो. आचारसंहिता लागते तेव्हा परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. निकालानंतर त्या एकेक करून परत मिळतात, पण तोवर दोन-अडीच महिने कुठल्याशा खोलीत भिंतीला टेकून, एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या असतात. २०२४च्या लोकसभेला आपल्या वाशिम जिल्ह्यात २६ एप्रिललाच मतदान उरकलं होतं. रिसोड-मालेगावनं अकोल्याचा खासदार निवडला, वाशिम-कारंज्यानं यवतमाळ-वाशिमचा. पण आचारसंहिता उठली ती जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मृगाच्या तोंडावर. शेतकऱ्याला बंदूक लागते ती नेमकी तेव्हाच. सोयाबीन पेरलं की रात्रीतून रानडुकरं तास उकरतात, आणि उगवून वर आलं की रोही, म्हणजे नीलगायी, उतरतात. बार बहुतेक आवाजापुरताच काढायचा असतो. रोह्यावर नेम धरायला एक तर कायदा आडवा येतो, आणि नावातली गाय आडवी येते ती वेगळीच.

मी वाशिममधल्या एका परवानाधारक दुकानाच्या मागच्या खोलीत बसतो. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून सव्वीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून हे काम धरलं. लोक अजून मास्तरच म्हणतात. आमचं घर मूळचं लोहाराचं. वडील वखराची पास पाजवायचे, विळ्याला पाणी द्यायचे. त्यामुळे लोखंडाचा वास नाकात आधीपासूनच होता, सरकारनं त्याचं फक्त प्रमाणपत्र दिलं.

येणाऱ्या बंदुकांत ठासणीच्या बऱ्याच असतात, आणि त्या टोपीच्या. तोंडातून दारू, चिंधी, छर्रे घालायचे, गजानं ठासायचे, मागे निपलवर तांब्याची टोपी बसवायची; घोडा टोपीवर पडला की बार. तिच्यात बिघडण्यासारखं फार नसतं. निपल चोंदतं, कमान मोडते, खटका झिजतो. डोळे मिटून करायचं काम.

त्या जूनमध्ये एक ऐंशीच्या घरातले आबा आले. सोबत पुतण्या, आणि पुतण्याच्या खांद्यावर गोधडीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी. रिसोड तालुक्यात पैनगंगेच्या काठी त्यांचं गाव आहे. गोधडी सोडली तर आत गारेची बंदूक! तिला पथरकला म्हणतात, चकमकीचीही म्हणतात. टोपी नाही, निपल नाही. घोड्याच्या जबड्यात दगड धरलेला. चाप ओढला की तो समोरच्या उभ्या पोलादी झाकणावर घासत खाली येतो, झाकण पुढे उलटतं, त्याखालची रंजकाची, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूची, वाटी उघडी पडते आणि ठिणग्या तिच्यात पडतात. रंजक भडकतं, नळीचं बारीक भोक, म्हणजे काना, पकडतो, आत बार होतो. अशी बंदूक मी चित्रात पाहिली होती, काचेआड पाहिली होती. हातात पहिल्यांदाच आली.

नळी पाहिली आणि आधीच सांगून टाकलं, “आबा, हिचा बार निघणार नाही. कान्यापाशी चीर गेली आहे. दारू घातली तर तुमचंच तोंड फुटेल.”

“बार कोनाले काढाचा हाये?” आबा म्हणाले. “दसऱ्याले पूजेत ठेवतो आमी. माह्या आज्यानं ठिणगी पाडलेली म्या पाह्यली हाये, लहान होतो तवा. तेवढी पाडून द्या. बाकी काई नाई पाह्यजे.”

रजिस्टरमध्ये नोंद केली, परवान्याचा नंबर टाकला. कान्यात शिशाची खुंटी ठोकून तो कायमचा बंद केला. मग फक्त चापाची पाटी सोडवून घेतली.

पाटी म्हणजे तळहातापेक्षा जरा लांब लोखंडी पट्टी. बाहेरून घोडा, झाकण आणि वाटी. आतून इंग्रजी व्हीसारखी दुमडलेली कमान, दोन खाचांचा तुकडा, खटका. पहिली खाच अर्ध्या घोड्याची, दुसरी पुऱ्या घोड्याची. गंज इतका की कुठलाच स्क्रू जागचा हलेना. आठ दिवस रॉकेल आणि तेलात बुडवून ठेवली. सुटी झाल्यावर घासताना घोड्याच्या मागच्या बाजूला पाटीवर एक खूण दिसायला लागली. हृदयाच्या आकाराची, आत चार कप्पे, कप्प्यात अक्षरं. कंपनी सरकारची खूण. त्यांच्या मालाच्या गाठोड्यांवर असायची तीच ते बंदुकांवरही उमटवत. एकोणिसाव्या शतकात पुढे तिच्या जागी सिंह आला. नळी मात्र देशी होती, लांब आणि जड, आणि दस्ता शिसमाचा. म्हणजे कंपनीची पाटी कुणीतरी आपल्या नळीला बसवली होती. आपल्याकडे वाटा फुटतात तशा बंदुकांच्याही फुटल्या होत्या.

ती पाटी इथवर आली कशी, याचा विचार करत बसलो तर दिवस पुरायचा नाही. १८०३च्या नोव्हेंबरात अडगावला, म्हणजे आताच्या अकोला जिल्ह्यात, नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली. त्याआधी सप्टेंबरात असईला शिंदे-भोसले हरले होते, त्यानंतर डिसेंबरात गाविलगड पडला. पुढे निजामाच्या कंटिंजंटची छावणी हिंगोलीला होती, वाशिमहून हाकेच्या अंतरावर. एवढ्या सैन्यांच्या वाटेवर एखादी पाटी हातोहात घरंगळत गेली तर नवल काय. आबांना विचारलं, तर ते म्हणाले, “आज्याच्या आज्याची.” त्यापलीकडे काही सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

आता माझी चूक सांगतो. घोड्याचा जबडा सोडवला तेव्हा आत कुजलेल्या चामड्याचा गोळा होता, आणि त्यात नखाएवढी एक कपची. मेणकट, दुधाळ निळसर, एका कडेला बारीक पट्टा. मी ती कपची आणि चामडं गंजाच्या भुग्याबरोबर ब्रशनं झाडून कचऱ्यात टाकलं. सव्वीस वर्षं पोरांना शिकवलं होतं की यंत्र उघडलं की आधी निघेल तो प्रत्येक तुकडा ताटलीत ठेवा, माती निघाली तरी ताटलीत ठेवा. आणि स्वतः?

पाटी साफ करून, कमान बसवून, सगळं जुळवलं. परसातून एक गारगोटी आणली, फोडली, त्यातला एक तुकडा चामड्यात गुंडाळून जबड्यात धरला आणि चाप ओढला. खट्ट. काही नाही. दुसरा तुकडा घेतला, तरी काही नाही. दहा-बारा वेळा केल्यावर एक तांबडी ठिणगी दिसली, तीही मरतुकडी, वाटीच्या बाहेर पडली.

मी आबांना फोन करून सांगितलं की आपल्या गारेत दम नाही, इंग्रजी चकमक लागेल. खडूच्या थरांत सापडणारा काळा दगड, इंग्लंडात सफोक परगण्यातल्या ब्रँडन गावचे लोक त्याच्या बंदुकीच्या कपच्या पिढ्यान्‌पिढ्या घडवत आले. आबा फोनवर काहीच बोलले नाहीत. चार दिवसांनी पुतण्याचा फोन आला. आबांचा नातू अमेरिकेत पेन्सिल्वेनियात आहे, तो पाठवतो म्हणाला. त्या राज्यात नाताळ झाला की हरणांच्या शिकारीचा एक हंगाम फक्त गारेच्या बंदुकांसाठी असतो, १९७४पासून, त्यामुळे तिथे हे दगड दुकानात मिळतात. जगात कुठे काय टिकून राहील सांगता येत नाही.

दगड आले. बारा दगड, डबीत, कापसात ठेवलेले. काळे, काचेसारखे, कडा अशा की पोस्टकार्ड कापावं. एक बसवला, चाप ओढला. पुन्हा तीच तांबडी मरतुकडी ठिणगी. फरक एवढाच की दोन पडल्या.

मग मी खुर्चीवर बसलो आणि पहिल्यांदा नीट विचार केला. माझा आजा गुरं राखायचा, त्याच्या कंबरेला चकमकीची पिशवी असायची. एक गार, एक पोलादाचा अर्धचंद्र तुकडा, आणि काटेसावरीचा कापूस, थोडा जाळून काळा केलेला. गारेच्या कडेला कापूस अंगठ्यानं दाबून धरायचा आणि पोलाद वरून खाली झटकायचं. कापूस धरला की चिलमीवर ठेवायचा. आजा गार कुठूनही उचलायचा. बांधावरची, नदीतली, रस्त्यातली. पण पोलादाचा तुकडा एकच, आणि तो कुणाला देत नसे. मला तेव्हा वाटायचं की दगडातून आग निघते. निघते ती पोलादातून. दगड पोलादापेक्षा कठीण असतो, तो पोलादाचे अगदी बारीक कण खरवडून काढतो, आणि ते कण घर्षणानं तापलेले असतात, हवेत जळतात. ठिणगी म्हणजे जळणारं लोखंड. हे मी वर्गात ग्राइंडरपुढे उभं राहून पोरांना शेकडो वेळा सांगितलं होतं, कुठलं पोलाद कुठली ठिणगी टाकतं ते ओळखायलाही शिकवलं होतं. आणि इथे महिनाभर दगडाला दोष देत बसलो होतो.

कानस घेतली आणि झाकणाच्या तोंडावर एका कडेला हलकेच फिरवली. कानस लागली. चांगली कातली. पोलाद कडक असतं तर ती घसरली असती, काचेवरून घसरते तशी. झाकण मऊ होतं. दगड त्यात चरे पाडत होता, खरवडून कण उडवत नव्हता. कुणीतरी कधीतरी गंज काढायला किंवा वाकलेलं सरळ करायला हे झाकण आगीत लाल करून तसंच निवू दिलं होतं. कुणी, ते आबांना विचारलं नाही. लोहाराच्या पोरानं ते विचारू नये.

उपाय जुनाच आहे. वडील विळ्यांसाठी करायचे त्याचाच मोठा भाऊ. हाडं जाळून कोळसा केला, जुन्या चपलांचं चामडं जाळून कोळसा केला, त्यात लाकडी कोळशाचा भुगा घातला. एका जाड नळीच्या तुकड्यात हे सगळं आणि मधे झाकण दडपलं, दोन्ही तोंडं लोखंडी चकत्यांनी बंद करून फटी शेणमातीनं लिंपल्या. भट्टीत ठेवलं. पिकल्या बोरासारखा रंग आला की तो चार तास धरून ठेवायचा, त्यापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही, खाली येऊ द्यायचा नाही. एवढ्या वेळात कोळशातला कार्बन लोखंडाच्या अंगात शिरतो, तोही मिलिमीटरभर खोल जेमतेम. त्या कातडीएवढ्या थरावर सगळा खेळ. जुलैचा पाऊस चालू होता, भात्याच्या जागी पंखा होता, आणि दुकानाचे मालक दर तासाला येऊन विचारत होते की मास्तर, या कामाचं बिल किती करायचं?

चार तासांनी नळी फोडली आणि झाकण थेट पाण्यात सोडलं. चर्र झालं. कानस आता घसरली. मी खूश. तिथेच उतावीळपणा केला. पाणी दिलेलं पोलाद परत थोडं तापवून उतरवावं लागतं, नाहीतर ते काचेसारखं ठिसूळ राहतं. विळ्याच्या बाबतीत ही चूक मी जन्मात केली नसती. इथे ठिणगी पाहायची घाई. झाकण बसवलं, अमेरिकेतला दगड लावला, चाप ओढला. टचकन दगडाची कड उडाली. तीनदा तेच. बारातले तीन दगड असे गेले. झाकण इतकं कडक झालं होतं की त्याच्यातून कणच निघेना, उलट तेच दगड फोडत होतं.

घरून बायकोचा केकचा ओव्हन आणला. “तो काऊन नेता?” तिनं विचारलं. मी म्हटलं दुकानात काम आहे. ओव्हनवर २०० अंशांचा आकडा आहे, भट्टीवर नाही, एवढंच माझं म्हणणं. झाकण आधी चकचकीत घासलं म्हणजे रंग दिसावा, आणि तासभर आत ठेवलं. काढलं तेव्हा त्यावर गव्हाच्या काडीचा फिकट पिवळा रंग चढला होता. झाकणाचा पाय, जो कमानीवर दाबून उलटतो, तो मात्र दिव्याच्या झोतानं निळा होईपर्यंत उतरवला. पायाला कडकपणा नको, चिवटपणा हवा. तेवढा वेळ तोंड ओल्या चिंध्यांत गुंडाळून ठेवलं होतं. ओव्हन घरी परत गेला तेव्हा त्याला तेलाचा वास येत होता. केक अजून झालेला नाही.

व्हाइसमध्ये पाटी धरली, चाप ओढला, आणि खोली उजळली असं म्हणणार नाही, पण माझं तोंड उघडंच राहिलं. पांढऱ्या ठिणग्या. तांबड्या नाहीत, पांढऱ्या, आणि पडताना त्यांना बारीक आवाज असतो, गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा. सात-आठ तर वाटीत पडलेल्या मला मोजता आल्या.

आता काम संपलं असं मला वाटलं, ते ऑगस्टमध्ये. पाटी दस्त्यात बसवली, दोन्ही स्क्रू आवळले आणि चाप ओढला. घोडा पडला खरा, पण म्हातारा माणूस खाटेवर टेकतो तसा पडला. ठिणग्या नाहीत. पाटी काढून व्हाइसमध्ये धरली, ठिणग्या आहेत. परत दस्त्यात घातली, नाहीत. अशा वेळी माणूस देवाला नवस बोलतो. मी काजळ काढलं.

सरळ तेलाच्या दिव्यावर ताटली धरून. ते काजळ पाटीच्या आतल्या बाजूला, कमानीला, खाचांच्या तुकड्याला, सगळीकडे बोटानं लावलं. पाटी दस्त्यात बसवली, घोडा दोनदा वरखाली केला, पाटी काढली. लाकडाच्या खोबणीत दोन जागी काळं लागलं होतं. एक, कमानीचा खालचा पाय जिथून फिरतो तिथे. दुसरं, खाचांच्या तुकड्याच्या मागे. लाकूड पावसाळ्यात फुगतं. शिसमसुद्धा फुगतं, फक्त सावकाश. दोनशे वर्षांपूर्वी कुणी मोजून ठेवलेली फट या श्रावणात मिटली होती. छिन्नीनं त्या जागा खरवडल्या, एका वेळी कांद्याच्या सालीएवढं. पुन्हा काजळ, पुन्हा बसवणं, पुन्हा काढणं. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही, म्हणून दोन दिवस गेले. त्यानंतर घोडा मोकळा पडायला लागला, पण एक अडखळ राहिली ती राहिलीच. ती स्क्रूची होती. मागचा स्क्रू मी सवयीनं दाबून आवळत होतो, आणि पाटी लाकडात किंचित वाकत होती. अर्धा फेरा सैल केला. आवाजच बदलला.

शेवटी दगडाची बैठक. हे काम बघायला सोपं आणि करायला किचकट. चामड्याच्या तुकड्याला मागे खाच पाडायची, म्हणजे जबड्याच्या स्क्रूला दगडाची पाठ थेट टेकते आणि आपटल्यावर दगड मागे सरकत नाही. अर्ध्या घोड्यावर झाकण बंद असताना दगडाची कड पोलादाच्या जवळ हवी, एक-दीड मिलिमीटर, पण चिकटायला नको. कड पोलादाला समांतर हवी. एका कोपऱ्यानं आधी लागली तर तेवढाच कोपरा झिजतो आणि ठिणग्या तेवढ्याच. आणि दगड पोलादाच्या वरच्या तिसऱ्या भागावर लागायला हवा, म्हणजे खाली येईपर्यंत त्याला खरवडायला लांबी मिळते. माझा दगड मधोमध लागत होता, कारण मी तो उतरती बाजू वर ठेवून धरला होता. उलटा केला, उतरती बाजू खाली, तर कड दोन-तीन मिलिमीटर वर आली. तेवढ्या दोन-तीन मिलिमीटरनं ठिणग्या वाटीच्या पुढे पडायच्या त्या वाटीत पडायला लागल्या.

झाकण पुढे उलटतं त्याची कमानही बघावी लागते. ती फार ताठ असेल तर दगडाचा जीव घेते, फार सैल असेल तर झाकण दगडाला विरोधच करत नाही, मग खरवडणार कोण? ती मी थोडी घासून हलकी केली. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

हे सगळं झाल्यावर एके संध्याकाळी मी पुन्हा परसातल्या गारगोट्यांकडे गेलो. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर सांडलेल्या लाव्ह्याचा. त्या लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका साठली आणि गारगोट्या झाल्या, अकीक झाले. काळा पाषाण झिजून काळी माती होते, गारगोटी झिजत नाही, म्हणून आपल्या नांगरटीत पांढरे गोटे वर येतात आणि बायामाणसं ते वेचून बांधावर टाकतात. पण सगळ्या गारगोट्या सारख्या नसतात. आत स्फटिकाचे दाणे चमकणारी गारगोटी फोडली तर भुरभुर फुटते, तिला कड येत नाही. माझी पहिली गारगोटी तसलीच होती, पांढरी, दाणेदार, दिसायला सुरेख. लागते ती मेणकट, बारीक पोताची, ज्यात उजेड अडकल्यासारखा दिसतो. ती शिंपल्यासारखी फुटते, आणि तिला धार येते.

हे कळलं आणि मला ती कपची आठवली. मेणकट, दुधाळ निळसर, कडेला पट्टा. इंग्रजी चकमक काळी असते, फ्रान्सची मधाच्या रंगाची. ती दोन्हीपैकी नव्हती. ती इथलीच होती. आबांच्या आज्यानं, किंवा त्याच्याही आधी कुणी, पैनगंगेच्या पात्रातून उचलून, घडवून, जबड्यात धरलेली. आणि मी आबांना फोन करून सांगितलं होतं की आपल्या गारेत दम नाही!

दुकानामागच्या उकिरड्यावर दोन दिवस काडीनं उकरत बसलो. गंजाचा भुगा सापडला, चामड्याचा गोळा सापडला. कपची नाही.

सप्टेंबरात आबांच्या गावी गेलो. नदीला पाणी होतं, तरी काठच्या वाळूत पाऊण तासात पाच चांगले गोटे मिळाले. डोळ्यांना चष्मा लावून, मांडीवर जाड गोणपाट घेऊन, लहान हातोडीनं ते फोडले. कड काढायला तांब्याची कांडी वापरली. कडेवर टेकवून खाली दाबली की बारीक कपच्या उडतात आणि कड पुन्हा तीक्ष्ण होते. दगड बोथट झाला की जागच्या जागी अशीच कड काढायची असते, जबड्यातून न सोडता. वीस-पंचवीस खटक्यांत तशी वेळ येते. पट्टा जिथे असतो तिथे दगड दगा देतो, म्हणून पट्टे नसलेला भाग निवडला. आबा ओट्यावर बसून बघत होते. एकदाच बोलले, “थोडा जाड ठेवा. पातळ असला का जबड्यात मोडते.” त्यांना हे माहीत होतं. इतके दिवस त्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. आपट्याची पानं, झेंडू, विळे, पास, ट्रॅक्टरची चावी, मुलांची दप्तरं आणि त्यांच्या मधे आडवी ठेवलेली बंदूक. संध्याकाळी वीज गेली, कुणी मुद्दाम बंद केली नव्हती. मी आज्याच्या पद्धतीनं काटेसावरीचा कापूस थोडा जाळून आणला होता. रंजकाच्या जागी तोच वाटीत घातला, झाकण लावलं आणि बंदूक आबांच्या हातात दिली. त्यांनी घोडा पुरा चढवला. हात थरथरत होते, पण अंगठा बरोबर जागी होता. चाप ओढला. अंधारात पांढऱ्या ठिणग्यांचा झुपका वाटीत पडला आणि कापसाच्या कडेला लाल टिपका धरला. आबांनी फुंकर घातली, टिपका पसरला. सगळे पूजेकडे बघत होते. आबांनी कोपरीच्या खिशातून बिडी काढली, त्या कापसावर पेटवली आणि सूनबाईंच्या नजरेला नजर न देता एक झुरका मारला.

“आजा असाच पेटवे,” ते म्हणाले.

तीन दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली. बंदूक ठाण्यात जमा झाली. पावतीवर ‘जुनी ठासणीची बंदूक, १ नग’ एवढंच लिहिलं होतं. २० नोव्हेंबरला मतदान, २३ला निकाल, आणि डिसेंबरात पुतण्या ती घेऊन परत दुकानात आला. नळीला गंज नव्हता. मी मेण चोपडून पाठवली होती. घोडा मोकळा होता, थंडीत लाकूड आवळलं होतं म्हणून उलट जास्तच मोकळा. जबड्यात चामडं होतं, दगड नव्हता. कुणी खेळता खेळता पाडला असेल, काढून खिशात घातला असेल.

पुतण्याला म्हटलं, डबीत ते इंग्रजी नऊ दगड अजून आहेत, त्यातला एक लावून देतो. त्यानं आबांना फोन लावला. आबांनी नको म्हणून सांगितलं. मग मी पुतण्याला कागदावर माप काढून दिलं, दगड केवढा लांब, केवढा रुंद, केवढा जाड, आणि खाली लिहिलं की मेणकट बघा, पट्टा नको, दाणेदार नको. तो म्हणाला, “आबाले माहीत हाये मास्तर,” आणि तरी कागद घडी करून खिशात ठेवला.